पोस्टरवरचं तिसरं नाव

मामा, तुमचं नाव मी पोस्टरवरून काढलेलं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही असतात तर सगळ्यात पहिल्यांदा तेच विचारलं असतंत. चौघांनी मला सांगितलं, काढ म्हणून. इनामदार मॅडमनी समजावून सांगितलं, पोस्टर स्पर्धेच्या समितीवरच्या सरांनी नियम दाखवला, ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म परत दिला, आणि चौथे तुम्ही. तुम्ही तर जाण्याच्या दोनच दिवस आधी माझ्यावर ओरडलात. त्या तिघांचं न ऐकणं सोपं होतं. तुमचं न ऐकणं मात्र फार जड गेलं.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तुमचा फोटो आहे आणि खाली सात ओळी. परिचर म्हणून कधी लागलात, कुठल्या विभागात होतात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेची निगा कशी राखलीत. शेवटच्या ओळीत तुम्हाला 'मनमिळाऊ' म्हटलंय. बीकर नीट धुतला नाही म्हणून एका प्राध्यापकांना परत नळापाशी पाठवणारा माणूस मनमिळाऊ! मी ते वाचलं, मला हसू आलं, आणि मग तिथंच जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. कुणीतरी पाणी आणून दिलं.

गेल्या वर्षी आम्हाला संशोधनाचा विषय निवडायचा होता, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. फळ्यावर यादी होती. पवनेचं पाणी, गांडूळखत, कॉलेजच्या आवारातली फुलपाखरं. मी म्हणाले, मला समुद्रातलं काहीतरी करायचंय. वर्ग हसला. हसण्यासारखंच होतं म्हणा. पिंपळे गुरवची मुलगी, वडील लातूरकडून कंपनीत नोकरीसाठी आलेले, आमच्या घरात कुणीही समुद्र पाहिलेला नाही. पण मला राग यायचा. आमच्या अभ्यासक्रमातले निम्मे प्राणी समुद्रातले, आणि आम्ही ते बघायचे बरणीत. तारामासा बरणीत, समुद्रकाकडी बरणीत, शिंपले कपाटाच्या खणात चिठ्ठ्या लावून. मला त्यातलं एक तरी जिवंत बघायचं होतं.

मॅडम म्हणाल्या, अगं, समुद्र काय इथं पिंपरीत आहे का, तुला नेणार कोण? तुम्ही मागे टेबलं पुसत होतात. मान वर न करता तुम्ही म्हणालात की आमच्या खाडीत तिसऱ्या, त्या खायच्या शिंपल्या, पहिल्यासारख्या मोठ्या मिळत नाहीत, ते कुणीतरी मोजायला पाहिजे. मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी तुमच्याकडे वळून विचारलं, मोजायचं म्हणजे कसं?

तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलंय. ओहोटीला तुमच्या रत्नागिरीकडच्या गावातल्या बायका खाडीच्या चिखलात उतरतात आणि हाताने उकरून तिसऱ्या काढतात. पण खाडीची एक बाजू आहे, स्मशानाकडची. तिकडे कुणी उकरत नाही, भुताच्या भीतीने. लहानपणी तुम्हीही तिकडे कधी पाऊल टाकलं नाहीत.

"दोन्हीकडच्या मोजा," तुम्ही म्हणालात. "मग कळेल, खाडी बिघडली का आपण बिघडवली."

असा अभ्यास करताना तुलनेसाठी न छेडलेली जागा लागते, हे मला पुस्तकात पुढे दोन महिन्यांनी सापडलं. तुम्ही ते फडकं पिळता पिळता सांगून मोकळे झाला होतात.

त्यानंतरचं सगळं तुमचंच डोकं, मामा, हे मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. चिखलावर ठेवून आतल्या तिसऱ्या मोजायला एक मीटरची चौकट लागते, ती बाजारात महाग पडेल म्हणून आपण कुदळवाडीच्या भंगारात गेलो. तुम्ही ॲल्युमिनियमच्या पट्ट्या निवडल्यात, कानाशी धरून वाजवून बघितल्यात. चिखल गाळायची चाळणही तिथलीच, कुठल्याशा कंपनीतला भोकाभोकांचा पत्रा. आणि तुमचं ते व्हर्निअर! कॉलेजमध्ये लागण्याआधी तुम्ही भोसरीच्या एका कंपनीत तयार माल मोजायला होतात, तेव्हापासूनचं ते जपून ठेवलेलं. मी तिसरी चिमट्यात घट्ट दाबायचे. तुम्ही माझा हात धरून दाखवलंत, नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. कंपनीतली पिन लोखंडाची असते, ही जिवंत आहे, तिला कळतं.

पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा मी रडेन असं मला वाटलं होतं. रडले नाही. आपण एसटीने आदल्या दिवशी तुमच्या थोरल्या भावाच्या घरी पोचलो होतो, आणि उजाडता उजाडता तुम्ही हाक मारलीत, "ऊठ बाय, सुकती लागली." पाणी उतरायला लागलं की तुम्ही सुकती म्हणायचात. पिंपरीत कधी हा शब्द तुमच्या तोंडून ऐकला नव्हता. तिथे तुमची भाषाच बदलली. चालही बदलली. लॅबमध्ये गुडघे धरून स्टुलावर चढणारे तुम्ही, चिखलात माझ्यापुढे सरसर निघून गेलात. मी पोटरीपर्यंत रुतून उभी, चप्पल हातात, आणि समोर एवढं मोठं पाणी. मला बघायला सवडच मिळाली नाही, कारण तुम्ही चौकट टाकून ओरडत होतात की सुकती तुझ्यासाठी थांबणार आहे का.

पाच वेळा गेलो आपण. मोजलेली प्रत्येक तिसरी तुम्ही परत चिखलात ठेवलीत. मी एकदा नुसत्या भिरकावल्या, तर तुम्ही मला त्या वेचायला लावल्या होत्या.

आता भांडणाकडे येते. ते टाळून लिहिता येणार नाही.

त्या शुक्रवारी मी तुम्हाला लॅबच्या कॉम्प्युटरवर पोस्टर दाखवलं. वर तीन नावं. माझं, इनामदार मॅडमचं आणि तुमचं. तुम्ही चष्मा पुसून वाचलंत आणि म्हणालात, नाव नको, बाय. मला वाटलं, संकोच. मी हसून सोडून दिलं. मग तुमचा आवाज चढला. भोसरीच्या कंपनीत एका मागणीच्या अर्जावर तुमची सही पहिल्या पाचांत होती, आणि त्या पाचांपैकी एकही जण पुढच्या दिवाळीला कामावर नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कागदावर नाव आलं की माणूस दिसतो, तुम्ही म्हणालात, आणि दिसला की उपटला जातो. मी म्हणाले, मामा, ही काय कंपनी आहे का? तुम्ही म्हणालात, सगळीकडे कंपनीच असते.

मग मी म्हणाले, "तुम्ही घाबरता."

तुम्ही कपाट लावलंत, किल्ल्या खिळ्याला अडकवल्यात आणि गेलात. शनिवारी जिन्यात समोरासमोर आलो. तुम्ही खाली बघितलंत, मी मोबाइलमध्ये. रविवारी सकाळी बाजारात जायला म्हणून चप्पल घालता घालता तुम्ही दारातच कोसळलात. मॅडमचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तुमची माफी मागायची असं मनात घोळत होतं वगैरे लिहिलं तर छान वाटेल वाचायला, पण खोटं कशाला लिहू? मी अजून रागातच होते. सोमवारी कॉलेजला गेल्यावर तुम्ही आपणहून बोलाल, अशी माझी खात्री होती.

माफी मागायची राहिली. ती आता इथे मागते. तुम्ही घाबरट नव्हता. एकदा पोळलेले होतात, आणि तरीही भर वर्गात फडकं हातात घेऊन बोलला होतात.

पुढचं ऐका. स्पर्धेच्या फॉर्मवर प्रत्येक लेखकाची सही लागते. समितीवरचे सर म्हणाले, प्रयोगशाळेच्या कर्मचाऱ्यांचे आभार मानायचे असतात, खाली बारीक अक्षरात जागा असते त्यासाठी. शिवाय गेलेल्या माणसाची संमती कुठून आणणार? मी विचारलं, सर, अभ्यासाची जागा कुणी सुचवली? ते म्हणाले, ती स्थानिक माहिती झाली. मी म्हणाले, हेच मला एखाद्या पुस्तकात मिळालं असतं तर लिहिणाऱ्याचं नाव आपण संदर्भात दिलंच असतं ना? सरांनी घड्याळ बघितलं. नाव काढ आणि उद्यापर्यंत दे, म्हणाले. मी नाही म्हणाले.

इनामदार मॅडमचं वाईट वाटून घेऊ नका. त्या तासिका तत्त्वावर आहेत, दर जूनमध्ये त्यांना पुन्हा घेतील की नाही हेच त्यांना माहीत नसतं. त्यांनी आधी मला काढ म्हणून समजावलं. नंतर सरांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर व्हरांड्यात थांबून म्हणाल्या की ठेव असं मी तुला सांगू शकत नाही, पण काढ असं आता परत सांगणार नाही.

घरी पप्पांना सांगितलं. ते चाकणहून पहिल्या शिफ्टची बस पकडून नुकतेच आले होते. मला वाटलं, म्हणतील, कशाला मोठ्यांच्या तोंडी लागतेस. तुम्हाला माहीत आहे, समुद्रातलं मोजून नोकरी कुठं लागते हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. ते जेवत होते, जेवत राहिले. मग हात धुऊन आले आणि त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. पार्ट पकडायला त्यांनी एक जिग बनवला होता, त्याने प्रेसवर प्रत्येक फेरीला वेळ वाचायचा. शॉपमधल्या बोर्डावर त्या सुधारणेखाली फोटो लागला तो सुपरवायझरचा. अजून आहे तिथे. पप्पा रोज त्याच्यासमोरून जातात.

"त्याचं नाव काढू नको," पप्पा म्हणाले. "कोण काय करतंय बघू."

पण एक गोष्ट राहतच होती, मामा. या सगळ्यांना नाही म्हणणं एक, आणि तुम्हालाच न जुमानणं वेगळं. तुम्ही स्वतः नको म्हणाला होतात. गेलेल्या माणसाच्या मनाविरुद्ध त्याचं नाव छापायचं आणि वर त्याला न्याय म्हणायचं, हे मला गिळवत नव्हतं. म्हणून फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून मी कासारवाडीला तुमच्या खोलीवर गेले, मामींकडे.

मामींना मी सगळं सांगितलं, भांडणासकट. तुम्ही घाबरता असं म्हणाले तेही. त्या ऐकत होत्या. मग उठून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान दाखवलं. तिथे तुमच्या अक्षरात इंग्रजीतून तुमचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. दत्ताराम हा एक शब्द की दोन, हे तुम्ही मुलाला फोन करून विचारलं होतंत म्हणे.

"भायेर नको नको करायचे," मामी म्हणाल्या. "घरात मात्र दोन दिस तेंचा तोच विषय."

तेव्हा मी रडले. बराच वेळ. मामी रडल्या नाहीत. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, ते काय आणलंयस ते दाखव तरी.

आम्ही फ्लेक्स फरशीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. मी बोट ठेवून सांगत गेले. ही खाडी, ही उकरलेली बाजू, ही स्मशानाकडची. उकरलेल्या बाजूला सगळ्या मधल्या आकाराच्या. स्मशानाकडे मोठ्या जास्त, हे आपल्याला अपेक्षितच होतं. पण तिथे अगदी बारीक, तांदळाएवढ्यासुद्धा खूप जास्त का, हे कोडं आपल्याला सुटलं नव्हतं. मॅडमना वाटायचं, आपली मोजणी चुकली. तुम्ही मात्र चिडायचात, मोजणी चुकली म्हटलं की.

मोजणी चुकली नव्हती, मामा. पण तुम्ही चुकला होतात.

मी मामींना निष्कर्ष वाचून दाखवला, की भुताच्या भीतीमुळे ती बाजू आपोआप राखली गेली. मामी हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, कारण हसून झाल्यावर त्यांनी पटकन तोंडावर पदर धरला.

"भुताचं पोरांसाठी नि बापयांसाठी," त्या म्हणाल्या. "आमाला म्हाईत हाय, तिकडं बियाणं असतं."

लग्न होऊन आल्यावर तुमच्या आईनेच त्यांना सांगितलं होतं. बारीक तिसऱ्या त्या बाजूला धरतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाडीभर पसरतात. ती बाजू उकरली तर पुढच्या वर्षी कुणालाच काही नाही. म्हणून गावातल्या बायकांनी ती बंद ठेवलेली. एखादी नवखी सून तिकडे वळलीच तर बाकीच्या तिला हाताला धरून परत आणायच्या. पोरं आणि पुरुष ऐकणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी भूत. तुमच्या आईने तुम्हाला भूत सांगितलं, मामा, आणि तुम्ही साठीला आलात तरी त्याला धरून बसलात.

मी मामींना विचारलं, मग तुम्ही हे मामांना कधीच का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, विचारलंच नाय कधी.

तुमच्यावर मी त्या क्षणी जेवढी चिडले तेवढी शुक्रवारीही चिडले नव्हते. तुमच्याशी भांडायचं इतकं चांगलं कारण मिळालं आणि तुम्ही नाही. मी लॅबमध्ये धावत आले असते, तुम्ही कपाट पुसत असतात, मी सांगितलं असतं आणि तुम्ही पाच मिनिटं तोच खण पुसत राहिला असतात. मग म्हणाला असतात, तरीपण मोजणी बरोबर होती. होती, मामा. एका दशांशानेही चुकली नव्हती.

मामींनी फॉर्मवर वारस म्हणून सही केली. पूर्ण नाव, सावकाश, सुलोचना दत्ताराम आणि पुढे आडनाव, ओळीच्या बाहेर न जाता.

स्पर्धेच्या दिवशी मी आणि मॅडमनी निष्कर्षाच्या चौकटीवर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर मामींनी सांगितलेलं हाताने लिहिलं. हॉलमध्ये सगळ्यांचे चकाचक फ्लेक्स, आपल्यावर डिंकाचे ओघळ. सर आले. वारसाची सही त्यांनी दोनदा वाचली. मग खिशातून स्टिकर काढलं आणि म्हणाले, फक्त तिसऱ्या नावावर लाव, बाकी राहू दे, मुलांचं नुकसान व्हावं असं मलाही वाटत नाही. ते खरंच तसं म्हणत होते, आवाजात चीड नव्हती. त्यामुळे नाही म्हणायला जास्त त्रास झाला. पण मी नाहीच म्हणाले.

मग आपलं पोस्टर स्पर्धेतून बाद झालं आणि हॉलबाहेर गेलं. जिन्याजवळ, पाण्याच्या कूलरशेजारी, एवढीच भिंत मोकळी होती. मी दिवसभर तिथे उभी राहिले. जाणार नव्हते. बाद केलं म्हणून काय गुंडाळून घरी न्यायचं?

दुपारी पप्पा मामींना घेऊन आले. पप्पांनी त्या दिवशी चक्क रजा टाकली होती. आणि मामा, त्या हॉलमध्ये गर्मी एवढी होती की सगळं कॉलेज पाण्याला बाहेर येत होतं. पाणी पीत पीत पोरं पोस्टर वाचायची, आणि कुणी काही विचारलं की माझ्याआधी मामी सांगायच्या. तिसरी चिखलात कुठे आहे हे वरच्या बारक्या भोकांवरून कसं ओळखायचं, ते त्यांनी कूलरच्या ओल्या कठड्यावर बोट टेकवून दाखवलं. पप्पा शेजारी उभे राहून ऐकत होते, शॉपमध्ये आलेल्या नव्या मशिनीबद्दल ऐकावं तसे.

बाहेरगावच्या कॉलेजातून आलेल्या एक परीक्षक बाई ग्लास भरायला आल्या आणि थांबल्या. त्यांनी वरची तीन नावं वाचली. तिसरे कोण, असं विचारलं. मी सांगितलं. तुम्ही लॅबमध्ये काम करत होतात, जागा तुमची, पद्धत तुमची, आणि तुम्ही आता नाही. त्या म्हणाल्या, मी याला गुण देऊ शकत नाही, यादीत नाही हे. मी म्हणाले, माहीत आहे. मग त्यांनी वहीत कूलरजवळच उभ्या उभ्या आपल्या आकड्यांचा तक्ता उतरवून घेतला, तुमच्या नावासकट. दत्ताराम एका शब्दात लिहायचं का, असंही विचारलं.

बक्षीस आपल्याला मिळालं नाही. फुलपाखरांना मिळालं. चांगलं काम होतं त्यांचं, उगीच कशाला नावं ठेवू.

तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. काचेचं सामान मी आणि दोघी मैत्रिणी धुतो, आणि ते तुमच्याइतकं स्वच्छ होत नाही. मला तुमची आठवण येते ती नळ सुटल्यावर, आणि तेव्हा मला नुसतं वाईट वाटत नाही, चीडही येते. त्या नोटीस बोर्डावरच्या सात ओळींची चीड. तुम्ही एवढेच होतात असं ज्यांना वाटतं त्यांची. मला ही चीड निवळायला नकोय. ती वापरायची आहे.

म्हणून पुढच्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला आम्ही खाडीवर जातोय. मॅडम येतायत, पप्पांनी शिफ्ट बदलून घेतलीय, आणि मामी तीस वर्षांनी पुन्हा चिखलात उतरणार आहेत. या वेळी भुताच्या बाजूला बारीक तिसऱ्या कधी धरतात हे बघायचंय, आणि गावातल्या ज्या बायका अजून ती बाजू राखतात त्यांना विचारायचंय, एकेकीला, नाव लिहून घेऊन. या सगळ्याचा शोधनिबंध लिहून झाला की मी तो स्पर्धेला पाठवणार नाही, सरळ छापायला पाठवणार आहे. तुमचं नाव त्यात असेल. तुम्ही नको म्हणत राहा.

फक्त क्रमाचं अजून ठरत नाहीये. मी मामींना विचारलं, तुमचं नाव घातलं तर चालेल ना? तुमच्यासारख्या त्या नको म्हणतील असं मला वाटलं होतं.

त्या म्हणाल्या, "पयलं घाल."